सॉकेट गुपचूप बसलं तेव्हा

आमच्या आळीतल्या एक बाई दिवाळी अंक काढतात. सकाळी फिरायला जाताना गाठ पडली की म्हणतात, "काका, तुमच्या धंद्यावर लिहा की काहीतरी." दोन वर्षं मी हसून वेळ मारून नेली. लोखंड जाळत आयुष्य गेलं, त्यात वाचण्यासारखं काय असणार? यंदा मात्र त्या घरीच येऊन बसल्या, चहा प्यायल्या आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवून गेल्या. आता कागद परत कसे करायचे, म्हणून लिहायला बसलो.

चार पानं झरझर झाली. पाचव्या पानावर माझे भागीदार गजाभाऊ आले, आणि पेन अडलं. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटून गेलीत. ती कशी गेली ते रत्नागिरीपासून राजापूरपर्यंत आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि जे माहीत आहे ते खोटं आहे. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं. बारा वर्षं.

पण आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

साध्या गॅस कटरने पत्रा कापतात, अँगल कापतात, ते तुम्ही रस्त्याकडेच्या वर्कशॉपमध्ये पाहिलं असेल. पण लोखंड दंडाएवढं जाड असेल आणि वर भोकात रुतून बसलेलं असेल, तर तिथे कटरची मात्रा चालत नाही. तिथे आम्ही जायचो लान्स घेऊन. लान्स म्हणजे दहा फुटी लोखंडी नळी, आत लोखंडाच्याच तारा ठासून भरलेल्या. मागून हँडल लावायचं, हँडलला सिलिंडरमधून ऑक्सिजन. पुढचं टोक गॅसने लाल करायचं, मग हँडलचा कॉक उघडायचा. झालं! नळी स्वतःच पेटते. स्वतः जळता जळता समोरचं लोखंड वितळवत आत शिरते. लोखंड सोडा, काँक्रीट आणि दगडसुद्धा सोडत नाही. पाच-सहा मिनिटांत दहा फुटांची नळी हातभर उरते. उदबत्तीसारखं आहे ते, फक्त ठिणगी अंगावर आली तर शर्ट, बनियन आणि कातडी असं तिन्ही पार करून जाते.

आता खरी गोम. नळी हँडलला जोडायची कशी? बाहेरच्याला वाटेल, यात काय एवढं? अहो, यातच सगळं आहे. आमच्याकडे दोन तऱ्हा. एक आट्यांची. नळीच्या टोकाला आटे पाडायचे, हँडललाही आटे, आणि मध्ये सॉकेट फिरवून पान्याने आवळायचं. ही जोडणी घट्ट. वायू गळत नाही, नळी आडवी धरली तरी मान टाकत नाही, उरलेला तुकडा नव्या नळीच्या पुढे जोडून वापरता येतो. पण वेळ खाते, आणि आट्यांत रेतीचा कण गेला की पाना घेऊन बसा. दुसरी तऱ्हा खोचायची. हँडलच्या तोंडात रबराचा जाड वायसर, नळी आत खुपसायची, कडी फिरवली की रबर नळीला आवळतं. क्षणाचं काम. पण नळी तिरकी झाली तर फुसफुसते, मागे ओढली तर हातात हँडल आणि नळी तिकडेच. सरळ खाली भोक पाडायचं असेल तर खोचायचं हँडल झकास. आडवं, खांद्याच्या उंचीवर, ताकद लावून काम असेल तर आटे. असं माझं मत. गजाभाऊंचं मत वेगळं.

मी मूळचा टर्नर. लेथवर आटे पाडण्यात माझा हात चांगला होता, आणि मला ते माहीतही होतं. गजाभाऊ लांज्याजवळच्या गावचे. मुंबईला दारूखाना बंदरात जहाजं तोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे. ते मला 'सुध्या' म्हणायचे, मी त्यांना 'गजाभाऊ'. मी आटे दाखवायला लागलो की ते बोलायचे, "सुध्या, तू आटे बघ, मी जाळ बघतंय. तुला वेळ किती लागला तं मला विचार, मी उन्हात उभा असतंय." मी म्हणायचो, "तुमचं रबर सुटलं की मग कळेल." हे भांडण आमच्या शेडमध्ये रोज चहाबरोबर असायचं. आम्हाला त्याची सवय झाली होती. भांडण झालं नाही त्या दिवशी चुकल्यासारखं वाटायचं.

गिऱ्हाइकं तर काय एकेक! राजापूरकडचे एक बागायतदार आले. विहिरीत काळा दगड लागला होता. कुणीतरी त्यांना सांगितलं की रत्नागिरीत दोघे जण दगडाला आगीने भोक पाडतात. मी म्हटलं, "भोक पडेल, विहीर पडणार नाही." ऐकतील तर शपथ. शेवटी नेलं आम्हाला. गजाभाऊंनी खोचायचं हँडल लावून हातभर खोल भोक पाडलं. दगड वितळून काचेसारखा हिरवट झाला आणि थंड होताना त्यानेच ते भोक बुजवून टाकलं. पाण्याचा थेंब नाही. बागायतदार काठावरून वाकून म्हणतात, "दिसायला मात्र छान झालंय हो!" त्यांनी तो काचेचा गोळा काढून घेतला आणि घरी शोकेसमध्ये ठेवला. जाताना आम्हाला दोन पेट्या आंबे. पुढची कितीतरी वर्षं भेटले की विचारायचे, "काय, अजून कुणाची विहीर फसवली?"

दुसरे एक क्रशरवाले. मशिनची नारळ फोडून पूजा करायचे, ते ठीक. पण आमच्या सिलिंडरलाही हळदकुंकू लावून पुढे तेलाचं निरांजन ठेवायला निघाले. गजाभाऊंनी ते ताट त्यांच्या हातून असं काही हिसकावलं की ते गृहस्थ रागाने लालबुंद. गजाभाऊ म्हणाले, "शेट, तुमची भक्ती तिकडं ठेवा. हिथं तेल आलं तं आपण दोघंव देवाकडं जाऊ."

ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. ऑक्सिजन आणि तेल यांचं जन्माचं वैर. दाबातला ऑक्सिजन आणि चिमूटभर तेल एकत्र आलं तर काडीसुद्धा लागत नाही, आपोआप भडका उडतो. म्हणून आमच्या शेडमध्ये नियम होता. कामाच्या दिवशी डोक्याला तेल नाही. डब्यात तळलेला बांगडा असेल तर जेवल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे. लोक हसायचे, "लोखंडाचं काम करता आणि सोवळं पाळता?" पाळायचो. मी सगळ्यात जास्त पाळायचो. आणि चूक झाली ती माझ्याच हातून.

कोकणातलं लोखंड पावसाळ्यात कसं गंजतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. खारी हवा, त्यात चार महिने ओल. आगोटीच्या वेळेला, म्हणजे पावसाच्या आधी सुकी मासळी, लाकूडफाटा भरतात तेव्हा, घरोघर कोयता, विळी, पहार सगळ्यांना खोबरेल चोपडून माळ्यावर ठेवतात. माझी आई ठेवायची, मी ठेवायचो. मग माझ्या हाताने पाडलेले आटे मी कसे गंजू देणार? पावसाळ्यात लान्सचं काम बंद असायचं. मी सॉकेटच्या आत बोटाने खोबरेल फिरवून पिशवीत बांधून ठेवायचो. नवरात्रात ती सगळी धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालायची, ब्रशने आतून घासायची, उन्हात कडकडीत वाळवायची. मगच ऑक्सिजनला लावायची. वर्षानुवर्षं हे मी एकट्याने केलं. गजाभाऊ बजावायचे, "तेल नको लावू, सुध्या. गंजलं तं गंजलं, नवं कर." मला ते पटायचं नाही. चांगल्या आट्यांना गंज चढलेला मला बघवत नसे.

त्या वर्षी पाऊस दसरा उलटला तरी जाईना. मी सॉकेट धुवायला काढली आणि मध्येच सर आली. निम्मी धुऊन झाली होती, निम्मी पिशवीत राहिली. उद्या बघू म्हणून पिशवी खिळ्याला अडकवली.

नरकचतुर्दशीला सकाळी फोन आला. लांज्याच्या पुढे हायवेवर पुलाचं काम चाललं होतं. तात्पुरता उभारलेला लोखंडी टेकू रस्त्याच्या अर्ध्या अंगात उभा होता. तो दुमडून बाजूला घ्यायचा, तर त्याची बिजागरीची पिन पावसात गंजून गच्च बसलेली. घणाने हलेना. एकच बाजू चालू, एसट्या आणि चाकरमान्यांच्या गाड्या मैलभर उभ्या. सणाचा दिवस, पोरंबाळं गाडीत रडताहेत. मी गजाभाऊंना बोलावलं. ते म्हणाले, "अरे, माझं अभ्यंगस्नान झालं. तुझ्या वहिनीनं डोकीपासून पायापर्यंत तेल चोपडलंय." मी म्हटलं, "सोडा घेऊन येतो. हात धुवा, टोपी घाला, हातमोजे घाला." ते वाटेत गाडीत चढले. जाग्यावर पोचल्यावर रस्त्याकडेला बसून त्यांनी तीन वेळा हात धुतले. मी स्वतः पाणी घातलं.

पिन दंडाएवढी. तिच्या पोटातून आरपार भोक जाळायचं, मग ती सैल पडते. काम आडवं, खांद्याच्या उंचीवर. पहिली नळी छान चालली, निम्मी पिन जळाली. दुसरी जोडायला घेतली तर हँडलच्या सॉकेटचे आटे तापून खराब झालेले. गजाभाऊ म्हणाले, "रबरवालं हँडल दे. खोचतंय नि मोकळा होतंय. लोक खोळंबलेत."

मी म्हटलं, "आडव्या कामाला रबर नको. थांबा दोन मिनिटं."

"सुध्या, पाना फिरवत बसू नको हां!"

"थांबा म्हटलं ना!"

मी पिशवीत हात घातला. घाईत निघताना खिळ्यावरची तीच पिशवी उचलली होती. एक सॉकेट काढून नळीवर फिरवलं.

इथे धंद्यातल्या माणसाचं काळीज थांबेल. कोरडे आटे फिरवताना करकरतात. बोटांना कळतं, कानाला कळतं. हे सॉकेट फिरलं ते गुपचूप. आवाज नाही, अडखळणं नाही. आणि मला काय वाटलं सांगू? मला माझ्याच हाताचं कौतुक वाटलं. वा, काय आटे पाडलेत! पान्याने आवळलं आणि हँडल गजाभाऊंच्या हातात दिलं.

त्यांनी उजव्या हाताने कॉक उघडला. डावा हात नळीला आधार म्हणून सॉकेटच्या जवळ होता. भप्प असा आवाज झाला, पुढे नाही, मागे. सॉकेट पांढरं झालेलं मी पाहिलं. मी सिलिंडरकडे धावलो आणि बंद केला. तेवढ्या वेळात चामड्याचा मोजा आणि हात एक झाले होते. गजाभाऊ ओरडले नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, "पिन ऱ्हायली रे."

इस्पितळात पुलाच्या कामावरचा एक साहेब आला. कसं झालं, कुणाची चूक, लिहून घ्यायला. मी तोंड उघडायच्या आत गजाभाऊच बोलले, "माझीच चूक साहेब. आज अभ्यंग झालंवतं. हाताला तेल ऱ्हायलं आसंल." साहेबाने मान हलवली आणि लिहून घेतलं. वहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या. तेल त्यांनी लावलं होतं. त्यांनी पदर तोंडात धरला. मी भिंतीला टेकून उभा होतो. तेव्हा बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की थांबा, आधी पिशवी बघू.

शेडवर गेलो आणि पिशवी उघडली. चार सॉकेट उरलेली. चारही चकचकीत, खोबऱ्याचा वास येतोय. मी स्टो पेटवला, सोड्याचं पाणी उकळलं, चारही सॉकेट घासून घासून धुतली, वाळवली आणि परत पिशवीत ठेवली. लाज वाटते लिहायला. हात भाजलेला माणूस तिकडे कण्हत होता आणि मी इकडे सॉकेट धूत होतो.

गजाभाऊ पुन्हा या कामावर आले नाहीत. गावी काजूची कलमं लावली, एका हाताने वाढवली. मी धंदा चालवला, चांगला चालवला. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी सांगायचो, "तेलाला हात लावशील तर आमच्या गजाभाऊंसारखं होईल." म्हणजे नुसता गप्प राहिलो असंही नाही, त्यांच्या नावाने खोटं शिकवतही राहिलो.

दर दिवाळीला फराळ घेऊन त्यांच्याकडे जायचो. त्या दिवसापासून त्यांनी अंगाला तेल लावलं नाही. नरकचतुर्दशीला नुसती गरम पाण्याची आंघोळ. डोक्यालासुद्धा थेंब नाही. कातडी हिवाळ्यात तडकायची, भाजलेल्या हाताला भेगा पडायच्या, डॉक्टर सांगायचे तेल लावून चोळा. नाही म्हणजे नाही. वहिनी मला म्हणायच्या, "तुमी तरी सांगा हो भावजी. मला वाटतं, माज्यावरच राग काडतायत. मीच लावलंवतं ना तेल." मी लाडू चावत बसायचो.

तर पाचव्या पानावर पेन अडलं ते हे. मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अंकात छापून आल्यावर त्यांनी वाचायचं का? आधी जा."

गेल्या महिन्यात सगळं लिहून काढलं आणि कागद घेऊन लांज्याच्या एसटीत बसलो. गजाभाऊ अंगणात काजूच्या रोपांची आळी साफ करत होते. म्हणाले, "दिवाळीच्या आदीच? फराळ कुटं हाय?" मी म्हटलं, "वाचून दाखवायचं आहे." ते पडवीत बसले, वहिनी दाराशी. मी वाचत गेलो. विहिरीच्या गोष्टीला दोघंही पोट धरून हसली. मग आगोटीपाशी आलो. पिशवीपाशी आलो. इस्पितळापर्यंत वाचलं, धुतलेल्या चार सॉकेटपर्यंत वाचलं.

गजाभाऊंनी विचारलं, "सॉकेट गुपचूप बसलंवतं?"

"हो."

"करकर नाय?"

"नाही."

"आनि टर्नर म्हनवतंस? मेल्या, त्याच मिंटाला कळाय पायजे व्हतं तुला!" ते असे ओरडले की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. मग उठले आणि काजूच्या बागेत निघून गेले. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं. मला म्हणाल्या, "म्हंजे माज्या हातानं नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतं, वहिनी." त्या पुन्हा म्हणाल्या, "माज्या हातानं नव्हतं." मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी लावू दिला.

परतीची एसटी गेली. मी पडवीत बसून राहिलो. जायचं तर तोंड घेऊन कुठे जायचं? ऊन उतरायला लागलं तेव्हा गजाभाऊ आले. माझ्याकडे न बघता वहिनींना म्हणाले, "अगो, चुलीवर पानी ठेव. नि ती खोबरेलाची बाटली आन."

"आत्ता?" वहिनी म्हणाल्या. "दिवाळी यायचीय अजून."

"बारा दिवाळ्यांचं ऱ्हायलंय. अजून कशाला थांबू?" सदरा काढून ते पाटावर बसले आणि डावा हात माझ्यापुढे केला. "लाव. तूच लाव."

मी तेल तळव्यावर घेतलं. त्यांच्या त्या आखडलेल्या बोटांच्या बेचक्यांत, कडक झालेल्या कातडीवर, मनगटावर चोळायला लागलो. दुखेल म्हणून अगदी हलक्या हाताने.

"जोर लाव की! काय सॉकेट पुसतंस?"

मी जोर लावला. मग पाठीला लावलं, डोक्याला लावलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. बराच वेळ गजाभाऊ डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, डुलकी लागली.

"सुध्या," ते डोळे न उघडता म्हणाले, "हे सगळं छापनार हायस ना?"

"तुम्ही म्हणाल तर. नाहीतर फाडतो."

"छाप. पन एक लिवायचं ऱ्हायलंय तुजं. त्या दिवशी रबरवालं हँडलच बरोबर व्हतं. तेवडं लिव."

लिहिलं, गजाभाऊ. तेच बरोबर होतं.